बाबांची डबी

बाबा एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं. त्यातली निम्मीअधिक वर्षं पहाटेच्या पहिल्या गाडीवर गेली. रिटायर होऊन आता १३ वर्षं झाली, तरी चार वाजले की त्यांचे डोळे उघडतात आणि उघडले की पुन्हा मिटत नाहीत. आमचं घर नाशिकच्या सिडकोत, पवननगरच्या बाजूला. शेजाऱ्याची आणि आमची भिंत एकच, आत दोन खोल्या. चार वाजता रेडिओ लावावा तर आई उठणार, माझी लेक उठणार, पलीकडच्या काकू सकाळी विचारणार की दादांना बरं नाही का. म्हणून ते वर्षानुवर्षं अंधारात खुर्चीत बसून उजाडायची वाट बघायचे.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत मी त्यांना बिनतारी इअरबड्स आणून दिले. १,२५० रुपयांचे, फार भारी नाहीत. मोबाइलमध्ये नाट्यसंगीत भरून दिलं. तरुणपणी ड्युटी संपवून, खाकी शर्ट पिशवीत घालून, कालिदास कलामंदिरात शेवटच्या रांगेचं तिकीट काढून बसलेला हा माणूस. बालगंधर्व आणि छोटा गंधर्व त्यांच्या कानाशी पहाटे चारला यायला लागले आणि घरातल्या कुणाचीही झोप मोडली नाही. बड्सना ते ‘बोंडं’ म्हणतात आणि चार्जिंगच्या केसला ‘डबी’. आमच्या घरात आता तेच शब्द आहेत, म्हणून इथेही तेच वापरते.

ही डबी बंद पडली जुलैत. मला कळलं उशिरा. पाणी प्यायला उठले तर बाबा अंधारात खुर्चीत. मोबाइल मांडीवर, स्क्रीन बंद.

“का हो, आज लावलं नाही?”

“डबी लागत नाहीये. झाले आठ-दहा दिवस. असू दे, काय अडतंय.”

आठ-दहा दिवस! मला सांगितलंसुद्धा नाही, मी पुन्हा पैसे खर्च करेन म्हणून. त्या पहाटे मी ठरवलं की काही झालं तरी ही डबी सुरू करायची. नवीन आणता आली असती, पण नवीन आणली असती तर बाबांनी पुढच्या वेळी महिनाभर सांगितलं नसतं.

आधी डबीत काय असतं ते सांगते, कारण मलाही ते माहीत नव्हतं. प्रत्येक बोंडात एक इवलीशी बॅटरी असते आणि डबीची स्वतःची एक मोठी बॅटरी असते. आपण केबल लावतो ती डबीला. बोंडं आत ठेवली की तळाशी असलेल्या स्प्रिंगच्या सोनेरी पिनांतून डबी त्यांना भरते. त्यामुळे ‘चार्ज होत नाही’ या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी असू शकतात: भिंतीतून डबीत येत नाही, किंवा डबीतून बोंडांत जात नाही. आमच्याकडे पहिली होती. केबल लावली तरी पुढचे तीन बारके दिवे लागत नव्हते.

भाऊ म्हणाला, नवीन फोनच्या चार्जरने जळली असेल. झालं होतं असं, की जूनमध्ये त्याने ६५ वॅटचा चार्जर आणला होता, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलचा, आणि बाबांनी एकदा डबी त्याला लावली होती. दिवे लागले नाहीत म्हणून काढली. तेव्हापासून बाबांच्या मनात हेच की डबी आपल्या चुकीने गेली. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. पुढे कळलं की त्या चार्जरचा यात काडीचा दोष नव्हता. ते नंतर येतंच.

शनिवारी दुपारी सुट्टी झाल्यावर अंबडहून थेट सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरच्या मुलाने डबी हातात घेतली, झाकण उघडून बंद केलं आणि सांगितलं की वॉरंटी एका वर्षाची होती, ती संपली, आणि केसची दुरुस्ती आमच्याकडे होत नाही, नुसती केस हवी तर ८५० रुपये. मी विचारलं, बिघाड काय आहे ते तरी बघाल का? म्हणाला, “मॅडम, आम्ही उघडत नाही.” चाळीस मिनिटं रांगेत उभं राहून मिळालेलं हे उत्तर. बिघाड काय तेच न बघता ८५० रुपये सांगितले याचा मला राग आला आणि तो अजून आहे.

तिथून एम. जी. रोड. नाशिकमध्ये मोबाइलचं काहीही बिघडलं की पाय आपोआप तिकडेच वळतात. पहिल्या दुकानात फुंकर मारून बघितलं, “बोर्ड गेलं” म्हणून परत दिली. दुसऱ्या दुकानात एक पोरगा भिंग लावून मोबाइलच्या चार्जिंग पट्टीवर काम करत होता. त्याने खरं ते सांगितलं. “ताई, हे चिकटवलेलं असतं. उघडायला अर्धा तास, परत बसवायला अर्धा तास. तेवढ्यात माझे दोन मोबाइल होतात. तुमच्याकडून मी किती घेणार? पण तुम्ही स्वतः बघणार असाल तर हा मीटर न्या. करंट घेतेय का नाही एवढं तरी कळेल.”

तो मीटर ३५० रुपयांचा, काडेपेटीएवढा. एक टोक चार्जरच्या चपट्या यूएसबीत घालायचं, दुसरीकडे केबल लावायची, आणि मधल्या छोट्या पडद्यावर दोन आकडे दिसतात: किती व्होल्ट येताहेत आणि किती अँपिअर जाताहेत. आजवर घरात मी विकत घेतलेल्या वस्तूंपैकी ही सगळ्यात उपयोगी निघाली. घरातल्या पाच केबलींपैकी दोन केबली मेलेल्या आहेत हे त्याच रात्री कळलं. त्या आम्ही उगाच जपून ठेवल्या होत्या.

माझा फोन लावला तर ५.१ व्होल्ट, १.४ अँपिअर. त्याच चार्जरला, त्याच केबलने डबी लावली. ५.१ व्होल्ट, ०.०० अँपिअर. म्हणजे चार्जर ठीक, केबल ठीक, वीज दारापर्यंत येतेय आणि आत एक थेंबही जात नाही.

मग दाराकडे बघितलं. मोबाइलचा टॉर्च लावून डबीचं भोक नीट पाहिलं तर आत तळाला काहीतरी दाबून बसलेलं. केबलची पिन आत जायची, पण माझ्या फोनमध्ये जशी ‘टक’ होऊन बसते तशी बसत नव्हती; अर्धा मिलिमीटर बाहेर राहायची. इथे सुई किंवा सेफ्टी पिन अजिबात घालू नये. टाइप-सीच्या मधोमध जी पातळ जीभ असते तिच्या दोन्ही बाजूंना पिना असतात. लोखंडी टोक लागलं की पिन वाकते, आणि बॅटरीत जीव असेल तर शॉर्टही होऊ शकतं. मी लाकडी टूथपिक ब्लेडने चपटी तासली आणि जिभेच्या कडेकडेने हळूहळू उकरलं.

आधी निघाला बंडीच्या खिशातला कापूस, करड्या रंगाचा, घट्ट दाबलेला. त्याच्यामागून तपकिरी काड्या निघाल्या. दोन, तीन, बारीक. मी त्या कागदावर घेतल्या आणि वास घेतला.

तंबाखू.

बाबांनी सहा वर्षांपूर्वी, डॉक्टरांनी तोंडातला पांढरा चट्टा दाखवला तेव्हा, तंबाखू सोडली होती. आईने देवापुढे नारळ ठेवला होता. मी तो कागद घडी करून मुठीत धरून किती वेळ बसले होते कोण जाणे. आई भाकरी थापत होती. बाबा बाहेर ओट्यावर होते. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले, घडी उघडून दाखवली. ते कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “कधीतरी. रोज नाही.” आणि थोड्या वेळाने, “आईला नको सांगू.” मी आईला सांगितलं नाही, पण त्यांना एक अट घातली: दोघांनी मिळून डॉक्टरकडे जाऊन चट्टा पुन्हा दाखवायचा. पुढच्याच आठवड्यात आम्ही जाऊन आलो. चट्टा वाढलेला नव्हता. हे सगळं एका इअरबडच्या भोकातून निघालं, म्हणून लिहिलं.

भोक साफ झालं. आता पिन टक करून बसायला लागली. मला वाटलं झालं काम. मीटर लावला, पुन्हा ०.००. पण या वेळी एक नवीन गोष्ट दिसली. केबल काढताना माझा अंगठा पिनेला खालून लागला, पिन किंचित वर दाबली गेली, आणि पडद्यावर ०.०२ असं चमकून गेलं. सोडलं की ०.००. दाबलं की ०.०२. मी ते दहा वेळा करून बघितलं. दिवे लागत नव्हते, पण आकडा येत होता. ०.०२ म्हणजे काय ते मला कळत नव्हतं. एवढंच कळलं की आत काहीतरी जिवंत आहे.

अशा वेळी आमच्या घरात एकच नाव निघतं, सातपूरचे मामा. आईचे धाकटे भाऊ. एमआयडीसीत एका कारखान्याच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये होते, अशोकनगरला राहतात. मी फोनवर आकडे सांगितले. ते दोन क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, “दाबल्यावर येतंय ना? मग बोर्ड गेलेलं नाही. डाग सुटलाय, म्हणजे झाळलेला सांधा. रविवारी ये. येताना बोर्ड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ये, ९९ टक्क्यांचं. सॅनिटायझर आणू नको.”

सॅनिटायझर का नको, तर त्यात पाणी असतं आणि हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं. अल्कोहोल उडून जातं, ग्लिसरीन बोर्डावर चिकट थर धरून बसतं. आयसोप्रोपिलसाठी मी गोळे कॉलनीत गेले. नाशिकचा औषधांचा घाऊक बाजार तो, तिथे मिळालं नाही तर कुठेच मिळणार नाही. पहिल्या दुकानदाराने सर्जिकल स्पिरिट पुढे केलं, ते नको म्हटलं, दुसऱ्याकडे मिळालं. त्या दिवशी गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि काउंटरवर सगळ्यांचं एकच बोलणं, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की नाही. नाशिककरांना पूर मीटरमध्ये कळत नाही. मारुतीचे गुडघे, कंबर, छाती, गळा, हेच आमचं मोजमाप. माझ्या पर्समधला मीटर मला तेव्हा आठवला. छोटी गोष्ट असली तरी कुठेतरी खूण असावी लागते, म्हणजे पाणी चढतंय की उतरतंय ते कळतं.

रविवारी बाबाही बरोबर आले. मामांनी दारातच विचारलं, “काय दाजी, गाणं बंद पडलं म्हणे?” बाबा हसले, पण लगेच म्हणाले, “माझ्याकडूनच झालं रे. मोठा चार्जर लावला मी.” मामांनी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. “दाजी, चार्जर कितीही मोठा असला तरी समोरच्याने मागितल्याशिवाय पाच व्होल्टच्या वर देत नाही. आणि अँपिअर तर घेणारा घेईल तेवढंच जातं. टाकीत हजार लिटर पाणी आहे म्हणून तुमच्या तांब्यात हजार लिटर शिरतं का? ते मनातून काढा.” बाबांचा चेहरा तिथेच सैल झाला.

डबी उघडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. बोंडं आधी बाहेर काढून ठेवली. आतला खाच असलेला भाग बाहेरच्या कवचात चिकटवलेला आणि क्लिपांनी अडकवलेला होता. मामीचा केस वाळवायचा ड्रायर लांबून, थांबत थांबत फिरवला. बॅटरी तापू द्यायची नाही, हाताला कोमट लागलं की पुरे. मग जुन्या प्लॅस्टिकच्या एटीएम कार्डाची कड फटीत सरकवून चारही बाजूंनी फिरवली. एक क्लिप तुटलीच. मामा म्हणाले, तुटणारच, ती परत उघडायसाठी केलेलीच नसते. स्क्रूड्रायव्हर मात्र घालू दिला नाही. आत बॅटरीची मऊ पिशवी नेमकी कुठे आहे हे बाहेरून कळत नाही, आणि तिला टोक लागलं तर धूर आणि आग, दोन्ही निघतात.

आतला भाग वर आला तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं की या डबीत असतं तरी काय. हिरवं बोर्ड, माझ्या अंगठ्याएवढं. झाकण आणि बोंडं धरून ठेवणारी लोहचुंबकं, मामांचा चिमटा सारखा ओढून घेणारी. आणि चंदेरी बॅटरी, लाल-काळ्या दोन तारांची. तिच्यावर छापलेलं: ३.७ व्होल्ट, ४०० एमएएच, आणि ८०२०३० असा आकडा. मी तो फॅक्टरीचा कसलातरी नंबर समजत होते. मामांनी सांगितलं, ते माप आहे. ८ मिलिमीटर जाड, २० रुंद, ३० लांब. बॅटरी बदलायची वेळ आली तर दुकानात कंपनीचं नाव सांगायची गरज नाही, हा आकडा सांगायचा.

बॅटरी फुगलेली नव्हती. फुगली असती तर मामा तिथेच थांबणार होते. मल्टिमीटर लावला: २.७४ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ दाखवते. “रिकामी पडलीय, पण मेली नाही. दोनच्या खाली गेली असती तर मी भरली नसती. तेवढी खाली गेली की आतलं तांबं विरघळायला लागतं, मग भरताना कधी शॉर्ट होईल नेम नाही.” एवढी खाली का गेली, तर बाबा रोज रात्री बोंडं सवयीने डबीत ठेवत होते. डबीला बाहेरून काही मिळत नव्हतं आणि ती बोंडांना देत राहिली.

मग खरी जागा. केबल लावली आणि मामांनी मल्टिमीटरची काळी सळई सॉकेटच्या पत्र्याला, लाल सळई बोर्डावरच्या एका तपकिरी कणाला टेकवली. तो कण म्हणजे कपॅसिटर, पाच व्होल्ट आत आल्यावर पहिल्यांदा जिथे पोचतात ती जागा. शून्य. “आता दाब.” मी पिन अंगठ्याने वर दाबली. ५.०३. सोडली, शून्य. मामांनी भिंग माझ्या हातात दिलं. सॉकेटला चार पाय असतात, बोर्डाच्या भोकांतून जाऊन खाली झाळलेले. पुढच्या दोन पायांभोवती केसासारखी काळी रेघ गोल फिरलेली होती. डाग तडकला होता. पाय सैल झाल्यावर सगळा ताण मागच्या बारीक पिनांवर आला आणि पाच व्होल्टची पिन बोर्डावरून उचलली गेली.

“डबी चार्जिंगला कुठे ठेवता, दाजी?”

बाबांनी हाताने दाखवलं. आमच्याकडे खुर्चीजवळचा प्लग छातीच्या उंचीवर आहे, खाली टेबल नाही. डबी केबलला लोंबकळत असायची. दोन वर्षं, दर दोन-तीन दिवसांनी, रात्रभर. वजन असतं तरी किती, पण ते सगळं त्या चार पायांवर. त्यात कापूस दाटल्यावर पिन पूर्ण बसेना, म्हणून बाबा जोर लावून कोंबायचे. मला हे रोज दिसत होतं. मी कधी उचलून ठेवली नाही.

झाळायच्या आधी मामांनी बॅटरी तोडली. लाल तार सुटी करून लगेच तिच्या टोकाला टेप, मग काळी. दोन्ही तारा एकदम कात्रीत धरायच्या नाहीत. कात्री दोन्हींना जोडते आणि तिथेच शॉर्ट होतं. मग राळेचा फ्लक्स लावला. बाबा पुढे वाकून म्हणाले, “हे नवसागरासारखंच झालं की, कल्हईवाल्याचं.” मामा खूश झाले. अगदी तेच. पितळेवर नवसागर फिरवल्याशिवाय कथील धरत नाही, तसं तांब्यावर राळ लावल्याशिवाय डाग धरत नाही. वरचा गंज खायला कुणीतरी लागतं. दोघं मग भांडीबाजार, तांबट आळी आणि पूर्वी गल्लीत येणारा कल्हईवाला यांच्या गोष्टींत दहा मिनिटं रमले. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

कारखान्यातला डाग शिशाशिवायचा असतो, त्याला वितळायला २१७ अंशांच्या वर उष्णता लागते. मामांनी स्वतःची ६०-४० ची तार त्यावर थोडी वितळवली, म्हणजे ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं. ती १९० अंशांच्या आसपासच पाण्यासारखी होते आणि जुन्या डागालाही सोबत घेते. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, बारीक टोकाचं. प्रत्येक पायाला तीन-चार सेकंद, मग थांबायचं, सॉकेटच्या आतलं प्लॅस्टिक वितळू नये म्हणून. मागच्या पिनेला तर एकच स्पर्श. त्यांचा हात ६६ व्या वर्षी जराही हलत नव्हता. डाग आरशासारखा चकाकायला लागला. जुन्या टूथब्रशने आयसोप्रोपिल लावून राळ धुतली, सुकू दिलं, कंटिन्युइटी, म्हणजे जोड अखंड आहे का ते, तपासली, बीप वाजला. आधी काळी तार, मग लाल.

केबल लावली. आता कुणी दाबत नव्हतं. मीटरवर आलं ०.०३.

मी खचले. एवढं करून ०.०३? मामा म्हणाले, “बरोबर आहे. आता हात लावायचा नाही. उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवतात का? आधी पेज.” बॅटरी तीन व्होल्टच्या खाली असली की चार्जिंगची चिप तिला पूर्ण करंट देतच नाही, दहावा हिस्सा देत देत आधी तिला वर आणते. घरी अंगठ्याने दाबल्यावर जो ०.०२ चमकत होता, तो हाच होता. आठवडाभर मी ज्या आकड्याकडे बघून कोड्यात पडले होते, तो डबी ठीक असल्याची खूण होता.

मामींनी चहा आणला. आम्ही चौघं त्या पडद्याभोवती बसलो. ०.०३. ०.०३. बाहेर पावसाची एक सर येऊन गेली. बाबा घड्याळ लावून बसले होते, पूर्वी स्टँडवर गाडी सुटायच्या वेळेला बसायचे तसे. १७ व्या मिनिटाला आकडा हलला: ०.०९, ०.१८, आणि ०.२६ वर येऊन थांबला. पुढचा पहिला दिवा लुकलुकायला लागला. बाबांनी काही न बोलता मामांच्या खांद्यावर हात ठेवला.

भरायला जवळजवळ दोन तास लागले. शेवटी शेवटी आकडा आपोआप उतरत गेला आणि ०.०० झाला, हे शून्य पोट भरल्याचं. तेवढ्यात उजवं बोंड भरत नाही असं लक्षात आलं. त्याच्या पितळी ठिपक्यांवर घामाचा हिरवट थर होता. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल लावून पुसलं, डबीतल्या पिनाही पुसल्या, आणि तेही लागलं. कवच बंद करताना तुटलेल्या क्लिपच्या जागी मोबाइलवाले वापरतात तो गोंद एक थेंब लावला आणि रबरबँड बांधून रात्रभर ठेवली.

घरी आल्यावर भावाने हौसेने त्याचा दोन टोकी टाइप-सीवाला चार्जर लावून बघितला. दिवे लागले नाहीत! माझ्या पोटात गोळा आला. चपट्या यूएसबीची जुनी केबल लावली तर लागले. मामांना फोन केला, तर ते म्हणाले की याचा अंदाज त्यांना बोर्ड बघतानाच आला होता. टाइप-सीच्या पूर्ण सॉकेटात २४ पिना असतात. आमच्या डबीत फक्त चार्जिंगपुरत्या सहा. त्यातल्या दोन पिना ‘मी इथे आहे, वीज दे’ असं चार्जरला सांगण्यासाठी असतात आणि त्या प्रत्येकीला ५.१ किलोओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा बारका भाग, जोडायचा असतो. डबी बनवणाऱ्याने ते दोन रेझिस्टर घातलेच नव्हते. चपट्या यूएसबीच्या चार्जरला असली ओळख लागत नाही, तो पाच व्होल्ट कायम घेऊन उभा असतो. टाइप-सीचा चार्जर ओळख पटल्याशिवाय पाच व्होल्टसुद्धा सोडत नाही. म्हणजे जूनमध्ये बाबांनी तो मोठा चार्जर लावला तेव्हा डबीत वीज गेलीच नव्हती. जळणार काय?

मी हे बाबांना दोनदा समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, “म्हणजे त्या दोन पैशांच्या वस्तू वाचवल्या त्यांनी?” हो, म्हटलं. ते बराच वेळ मान हलवत होते. मलाही त्याचं वाईट वाटतं. दोन रेझिस्टर घालायला त्यांना काहीच पडलं नसतं, आणि एका म्हाताऱ्या माणसाने महिनाभर स्वतःला बोल लावला नसता.

आता भावाने प्लगखाली एक फळी ठोकून दिली आहे. जुन्या केबलला मी पांढरी टेप लावून त्यावर ‘बाबा’ लिहिलं आहे, म्हणजे ती कुणी उचलणार नाही. आईने डबीसाठी जुन्या खणाचा बटवा शिवला. मीटरही फळीवरच असतो. बाबा डबी चार्जिंगला लावली की चष्मा लावून आकडा वाचतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलने लिहितात, एसटीत तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर, वे-बिलावर, लिहायचे त्याच टपोऱ्या अक्षरात. ऑगस्टच्या पानावर ११ वेळा लिहिलंय. परवाच्या चौकटीत ०.२६.